तांदळातलं नाव

माझ्या नावाने आजवर एकही गाव वसलेलं नाही. फार तर वाण्याच्या वहीत एक पान आहे. त्यामुळे राजेलोकांचा मला फार दिवस हेवा वाटे. आपलं नाव घ्यावं आणि बागेला, पेठेला, स्टेशनाला देऊन टाकावं! पण पुढे लक्षात आलं, की ते नाव पुष्कळदा त्यांचंही नसतं.

मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ घ्या. १८७५ साली बडोद्याच्या जमनाबाईसाहेबांनी त्याला दत्तक घेतलं. बारा वर्षांचा गोपाळ सयाजीराव झाला, आणि तोही तिसरा! म्हणजे नाव आधीच दोघांनी वापरलेलं. १८८४ साली कागलच्या घाटग्यांचा यशवंत कोल्हापूरच्या गादीवर गेला आणि शाहू झाला. विलायतेतही तीच तऱ्हा. घरचा आल्बर्ट १९३६ साली गादीवर बसला तो सहावा जॉर्ज म्हणून. थोरल्या भावाचे कपडे धाकट्याने वापरावेत, तशी ही नावं. गादी आधी शिवलेली, माणूस मागाहून तिच्यात बसवायचा.

मग गावंही त्याच नावाची होतात. बडोद्यात सयाजीबाग झाली, कोल्हापुरात शाहूपुरी. गोपाळबाग किंवा यशवंतपुरी कुणाच्या मनात आली नाही. अर्थात लोकही वस्तादच. ते सयाजीबागेला खुशाल कमाटीबाग म्हणतात. मुंबईच्या स्टेशनाला १८८७ साली व्हिक्टोरिया राणीचं नाव मिळालं. आम्ही तिची दोन अक्षरं केली, व्हीटी. १९९६ साली तिथे छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आलं, २०१७ साली त्यात 'महाराज' हा शब्दही आला. आम्ही त्याचंही सीएसएमटी करून मोकळे! भक्ती कमी नाही हो, पण लोकल सुटत असते.

हे सगळं मी मजेत सांगत असे. पण आमच्या आजीचंही असंच एक दत्तकविधान झालं होतं. गादी, हत्ती, तोफा काही नाही. ताटात तांदूळ पसरले, आजोबांनी अंगठीने 'रमा' असं लिहिलं, आणि गोदावरी नावाची तेरा वर्षांची मुलगी संपली. पेढे वाटले. तिला कुणी विचारलं नाही. गोपाळला तरी कुणी विचारलं असेल?

शेवटच्या दुखण्यात आजी कुणालाच ओळखीना. आम्ही 'आजी', 'रमाबाई' अशा हाका मारून दमलो. मग तिचा धाकटा भाऊ आला, कानाशी वाकला आणि म्हणाला, "गोदाक्का!" आजीने डोळे उघडले. साठ वर्षं आम्ही तिला भलत्याच पत्त्यावर हाका मारत होतो.

नाव देणं हा मान असेलही. पण त्यासाठी आधीचं नाव काढून घेतलेलं असतं, ते कुठे मांडून ठेवत नाहीत.

परवा पुतण्याच्या लग्नात गुरुजींनी तांदळाचं ताट पुढे केलं. "नवीन नाव काय?" सून शांतपणे म्हणाली, "आहे तेच लिहा. मीनाक्षी." गुरुजींनी पुतण्याकडे पाहिलं, पुतण्याने माझ्याकडे, मी मांडवाच्या छताकडे. पुतण्याने निमूटपणे लिहिलं. गडबडीत 'मी' ऱ्हस्व काढला.

तेवढी वेलांटी तिने स्वतःच्या बोटाने दुरुस्त केली.