पंच्याहत्तर वर्षांची अट

मी गडचांदूरचा, असं मी सहज सांगतो. घरच्यांना सिमेंट कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो. शाळा इथली, रेशनकार्ड इथलं, मतदानही इथलंच. तुम्ही इथे किती पिढ्यांपासून राहता, हे आम्हाला कुणी विचारलं नाही.

गडचांदूरहून माणिकगडच्या डोंगरात वर चढलं की जिवती तालुका लागतो. तिथे हाच प्रश्न थेट शेताच्या बांधावर उभा आहे. गोंड आणि कोलाम हे तिथले जुने लोक. १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे मराठवाड्यातून बंजारा, दलित, मराठा, मुस्लीम कुटुंबं आली आणि डोंगरावर शेती करू लागली.

२००६चा वनहक्क कायदा सांगतो की, आदिवासी कुटुंब १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून वनजमीन कसत असेल, तर तिच्यावर हक्क मागू शकतं. बिगरआदिवासींना मात्र त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथलं वास्तव्य सिद्ध करावं लागतं.

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ही अट मला वेगळी दिसते. १९७२ साली आलेल्यांची २००५पर्यंत ३३ वर्षं भरतात. २०४७ साली ७५ पूर्ण होतील, पण मोजणारं घड्याळ २००५लाच बंद केलंय. म्हणजे ही नुसती कठीण अट नाही. त्यांच्यासाठी ती कधीच पूर्ण होऊ शकत नाही.

त्यात बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये येतात आणि तेलंगणात अनुसूचित जमातींमध्ये. जिवतीच्या सीमेवरची चौदा गावं दोन्ही राज्यं आपली म्हणतात, आणि तिथल्या अनेकांची नावं दोन्हीकडच्या मतदार यादीत आहेत. तोच माणूस एका राज्याच्या कागदावर आदिवासी, दुसऱ्याच्या कागदावर नाही.

मग अट काढून टाका, असं म्हणणं सोपं आहे. पण कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक जमात आहे. लोक थोडे, जवळ कागद त्याहून थोडे. तारखेचं कुंपण काढलं तर ज्याला अर्ज लिहिता येतो, तहसीलला खेटे घालणं परवडतं, त्याचं काम आधी होईल. ही भीती खरी आहे.

तरी मला वाटतं, आधी कोण आलं यावरून आधी कुणाला द्यायचं एवढंच ठरवता येतं. कुणाला कधीच द्यायचं नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही. कोलामांचे दावे सर्वांत आधी निकाली काढा, त्यांची जमीन पक्की करा. पण त्यासाठी दुष्काळातून आलेल्याच्या नातवाला जन्मभर अतिक्रमणधारक ठेवायची गरज नाही. खाली चुनखडीच्या खाणीला पट्टा देताना कुणी कंपनीच्या पिढ्या मोजत नाही.

२०२७च्या जनगणनेत १९३१नंतर प्रथमच सगळ्यांची जात नोंदवली जाणार आहे. प्रगणक त्या नातवाच्याही दारात जाईल आणि त्याला त्या गावचा रहिवासी म्हणून मोजेल. त्यानंतर त्याच सरकारच्या दुसऱ्या टेबलावर त्याला बाहेरचा म्हणायचं असेल, तर कारण म्हणून नुसती एक तारीख पुरेशी नाही.