तसबिरीपलीकडे

सेवेत झिजलेल्या माणसाचा सन्मान कशाने होतो? आपण बहुधा तसबीर लावून मोकळे होतो. पंडिता रमाबाईंचाच दाखला घ्या. १९२१ साली त्यांची एकुलती कन्या मनोरमा प्रभूकडे गेली. केडगावच्या मुक्ती मिशनचा पुढचा आधार तीच. घरातला दिवा असा विझल्यावरही बाईंनी इब्री व ग्रीक मुळांवरून चालविलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या निवर्तल्या; पूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. फळ हाती पडेल म्हणून राबणे याला मी आशा म्हणत नाही. तो हिशेब झाला.

ते भाषांतर साध्या बायांना कळावे म्हणून होते. तेव्हा शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी रमाबाईंवर भाषण करण्याआधी वर्गातल्या धाकट्या मुलीला आजचा पाठ समजला काय, हे विचारावे. त्या ग्रंथाच्या छपाईला मुक्तीतल्याच बायांचे हात लागले. त्यांची तसबीर कोणत्या मंडळीच्या भिंतीवर मी तरी पाहिली नाही.