किराणा दुकान, सरकारी हमी आणि उधारीची वही

रमजानपूर्वी एका संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील एका किराणा दुकानदारांनी मला थांबवून विचारले, "मुद्रा कर्ज घेतले तर चालेल का? तारण लागत नाही, हमी सरकारच देते." माल भरण्यासाठी त्यांना ५०,००० रुपये हवे होते. अर्ज भरून तयार होता.

प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळते. पण ते कर्ज बँका व वित्तसंस्था देतात आणि त्यावर व्याज घेतात. हमी असते ती बँकेला. कर्ज थकले तर बँकेची झीज काही अंशी भरून निघते. कर्जदाराच्या मानेवरचे ओझे तसेच राहते.

इस्लामने शिकविलेली हमी निराळी आहे. सहीह बुखारीत प्रसंग आहे. एक जनाजा आणला गेला. मृतावर कर्ज होते आणि ते फेडण्याजोगे काही त्याने मागे ठेवले नव्हते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना नमाज अदा करण्यास सांगितले, स्वतः पुढे झाले नाहीत. तेव्हा माननीय अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले आणि मगच प्रेषितांनी (स.) जनाजाची नमाज पढविली. ही हमी ऋणकोसाठी होती, धनकोच्या सुरक्षिततेसाठी नव्हे.

व्याजाविषयी दिव्य कुरआनची भूमिका सूरह अल्-बकरा (२:२७५-२७९) मध्ये निःसंदिग्ध आहे आणि सहीह मुस्लिममधील हदीसनुसार व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा व साक्षीदार हे सारे त्या पापात समान आहेत. योजना सरकारी असल्याने वा दर कमी असल्याने हुकूम बदलत नाही. प्राणांतिक निकडीत शरीअतने सवलत ठेवली आहे, हे खरे; पण दुकानाची फळी भरणे ही तशी निकड नव्हे.

एवढे सांगून मी घरी जाऊ शकलो असतो. पण त्यांनी उधारीची वही पुढे केली. रिक्षावाले, शिवणकाम करणाऱ्या विधवा, आणि पक्की नोकरी असलेलेही. एकूण येणे ६२,००० रुपये, म्हणजे मागितलेल्या कर्जाहून अधिक. या माणसाने वर्षानुवर्षे साऱ्या गल्लीला बिनव्याजी कर्ज दिले होते, आणि आज त्यालाच व्याजाच्या दारात उभे राहावे लागत होते. अडचणीतल्या ऋणकोला सवड द्यावी, हा आदेश (२:२८०) ते न बोलता पाळत होते. मात्र ऐपत असूनही फेडीत चालढकल करणे हा जुलूम आहे, ही हदीस वहीतील कितीतरी पानांना लागू होती. आपण व्याज देणाऱ्याला दोष देतो. त्याला तिथवर ढकलत नेणाऱ्या हातांकडे मात्र पाहत नाही.

पाने उलटताना माझ्याही घराचे पान लागले. रक्कम किरकोळ, पण तारीख तीन महिन्यांपूर्वीची. मला आठवणसुद्धा नव्हती, आणि ती नसणे हेच लाजिरवाणे होते.

त्याच रात्री मी पैसे दिले. दुकानदारांनी पानावर रेघ मारली. अर्ज त्यांनी फाडला नाही, गल्ल्यात खाली सारला आणि म्हणाले, "जुम्यापर्यंत थांबतो. बाकीची पाने पाहू या."