दातांवरून न कळणारी खोड



निफाड तालुक्यातील सायखेड्यास गोदाकाठी पावसाळ्याच्या हिरव्या चाऱ्यावर पोसलेली खोंडे दिवाळीच्या सुमारास विकावयास काढतात. घेणारा प्रथम जबडा पाहतो. सुमारे 2 वर्षांनी दुधाचे 2 दात पडून कायमचे येतात. सुमारे 4 वर्षांनी आठही येऊन जनावर जुळते. वय असे कळते. परंतु जू मानेवर येताच बसण्याची खोड धन्यासच ठाऊक असते. ती लपविल्यास चार रुपये अधिक मिळतील, पण घेणारा गरीब ऐन रब्बीच्या पेरणीत अडेल. नीतिसूत्रे 11:1 येथे खोट्या तराजूविषयी जे सांगितले आहे, ते दाव्यासही लागू आहे. म्हणून दावे हाती देण्यापूर्वी खोड सांगा, कमी भाव पत्करा. ज्या प्रभूपुढे आपण रविवारी गुडघे टेकतो, तो बाजारातही पाहत आहे.