तोच का हा आवाज?

शब्द नित्य की अनित्य, हा मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील जुना वाद. परंतु माधवनगरसारख्या, सांगलीच्या वेशीवरील व्यापारी पेठेत राहून जुन्या ध्वनिक्षेपकांचा व्यासंग वर्षानुवर्षे जोपासणाऱ्या माझ्यासारख्या इसमाला तो पोथीत बंदिस्त झालेला वाटत नाही. ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा देह 1937 साली पडला, ज्यांची कबर येथून जवळच, मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, त्यांचा कंठ माझ्या माजघरातील लाकडी पेटीतून उमटतो, तेव्हा ‘हा त्यांचाच आवाज’ हे माझे विधान खरे की खोटे, याचा निवाडा कोणीतरी करावयास हवा.

मीमांसकाकडे दाद मागावी, तर प्रथमदर्शनी तो अनुकूल वाटतो. त्याच्या मते शब्द उपजत नाही, तो असतोच. ध्वनी त्यास केवळ व्यक्त करतो. मग गळ्याने व्यक्त केला काय नि कागदी शंकूने केला काय! पण त्याची कैफियत नीट वाचली की ध्यानात येते, की ही नित्यता वर्णांपुरती आहे. आवाजाचा पोत, त्याची उंची, त्याचे माधुर्य ही सारी तो नश्वर ध्वनीच्या खाती टाकून मोकळा होतो. म्हणजे खाँसाहेबांच्या चिजेतील अक्षरे तेवढी अमर, आणि ज्या सुरासाठी आम्ही जागतो तो मात्र क्षणभंगुर. असला निकाल घेऊन रसिकाने करावयाचे काय?

नैयायिक अधिक रोखठोक. शब्द आकाशाचा गुण. तो उत्पन्न होतो, कदंबाच्या कळीप्रमाणे सर्व दिशांस फुलत कानापर्यंत येतो आणि विरतो. ‘तोच हा’ ही ओळख साजात्यामुळे होते, एकत्वामुळे नव्हे. यंत्राची साक्षही त्याच्याच बाजूची आहे. राइस आणि केलॉग यांनी 1925 साली मांडलेल्या रचनेत चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे प्रवाहानुसार मागेपुढे होते आणि त्यास जोडलेला शंकू हवा हलवितो. सुईपासून त्या वेटोळ्यापर्यंतच्या वाटेवर धावते ती निव्वळ वीज, नाद नव्हे. तेव्हा जो सूर मी ऐकतो तो माधवनगरच्या हवेत, आत्ता, नव्याने जन्मास आलेला असतो. हे मला मान्य आहे. किंबहुना त्यामुळेच तबकडी पुन्हा लावण्याचा कंटाळा येत नाही.

अडचण निराळीच आहे. टॅनॉयने 1947 साली एकाच मध्याभोवती दोन ध्वनिक्षेपक बसविले, व्हिल्चर यांनी 1954 साली बंद पेटीतील हवेलाच स्प्रिंगचे काम दिले, क्वाडने 1957 साली शंकूच काढून विद्युत्भारित पातळ पडदा ताणला. या सर्वांचा ध्यास एकच, की यंत्राने स्वतःचे काही मिसळू नये, स्फटिकासारखे निर्लेप राहावे. आणि आम्ही शौकीन मंडळी प्रेम करतो ते नेमके त्या स्फटिकावर उतरलेल्या जास्वंदीच्या लालीवर: जुन्या कागदाचा मऊपणा, अल्निको चुंबकाचा ठसका. कडेचा फोम आमच्या हयातीतच भुगा होतो, कंडेन्सर सुकतात, शंकू बदलावा लागतो. तरी पेटी तीच, असा आमचा दावा. वेदान्ती यास उपाधीची, म्हणजे शेजारी राहून आपला रंग उसना देणाऱ्या वस्तूची, आसक्ती म्हणेल, आणि आरोप खोटा नाही.

पण मूळ तरी निरुपाधिक होते काय? तासभर फुलणारा राग खाँसाहेबांनी तबकडीच्या एका बाजूस, तीन-साडेतीन मिनिटांत बसविला. आलाप आवरता घेतला, जागा निवडल्या. यंत्र त्यांच्या गाण्यात आधीच शिरलेले होते, आणि तरीही, की म्हणूनच, ते गाणे इतके घट्ट विणीचे झाले. उपाधी सारून शुद्ध सूर ऐकावा असा ज्याचा आग्रह असेल, त्याने मिरजेच्या एखाद्या तंबोऱ्याचा भोपळा उतरवून ठेवावा आणि मग तारा छेडून पाहाव्यात.