एकचक्रेतली पाळी

आमच्या एरंडोलला जुनी माणसे एकचक्रानगरी म्हणतात. बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस पाळीपाळीने पोचविणारे गाव ते हेच, असे मी अंजनीच्या काठी लहानपणापासून ऐकत आलो. गावावर संकट आले की पाळी कोणाची, हा त्या कथेतला प्रश्न मला २०२० साली नव्याने भेटला.

त्या मार्चमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोरोना-रुग्णांची सेवा करणाऱ्यांना व रुग्णांच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचविले. औषध मूळचे हिवतापाचे. मीही ओळखीने त्याची एक डबी मिळविली. त्याच आठवड्यात आमच्या वहिनींना ती गोळी कुठे मिळेना. त्यांच्या आमवातावर ती वर्षानुवर्षे चालू होती. माझी डबी मी त्यांना दिली खरी, पण दोन दिवसांनी. ते दोन दिवस मला अजून टोचतात.

मन म्हणत होते, 'गोळी सौम्य आहे, घेतली तर काय बिघडले?' सौम्य खरी, पण कोणाच्या मानाने? क्लोरोक्विन १९३४ मध्ये जर्मनीत तयार झाले आणि फार विषारी म्हणून आधी बाजूला पडले. पुढे त्यात प्राणवायूचा एकच अणू जोडून हे धाकटे भावंड निघाले. दोन्ही डोळ्याच्या पडद्यात साठतात, दोन्ही हृदयाचा ताल बिघडवू शकतात. दीर्घकाळ घ्यायचे तर नेत्रवैद्य वजनाच्या दर किलोमागे रोज थोरल्याची २.३ आणि धाकट्याची ५ मिलिग्रॅम अशी मर्यादा सांगतात. धाकटे निम्म्याने सौम्य ठरले. पण विष निम्मे झाले म्हणून त्याचे औषध होत नाही. वहिनींच्या सांध्यांना आराम पडत होता, म्हणून त्यांची जोखीम सार्थ होती. माझ्या पदरात काय पडणार होते?

उत्तर जून २०२० मध्ये आले. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत इस्पितळातल्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी केली होती. गोळी दिलेल्या १,५६१ पैकी अठ्ठावीस दिवसांत शेकडा २७ दगावले. न दिलेल्या ३,१५५ पैकी शेकडा २५. अमेरिका-कॅनडात रुग्णांच्या संपर्कात आलेल्या ८२१ जणांवर झालेल्या चाचणीतही रोग टळल्याचे दिसले नाही. लाभच नसेल, तर धोका कितीही लहान असो, तो जास्तच.

मग काय, संकटात हात बांधून बसावे? कुंती बसली नाही. यजमानाच्या घरची पाळी तिने आपल्या भीमावर घेतली. पण नुसत्या कळवळ्याने नव्हे. हिडिंबाला त्याने मारलेले तिला ठाऊक होते. तिच्या दयेमागे पारख होती. जेथे पारख झालेली नाही तेथे ती आधी करणे, आणि तोवर ज्याची गरज सिद्ध आहे त्याच्या ताटातले न उचलणे, हीही दयाच.

माझ्यापाशी भीम नव्हता आणि पारखही नव्हती. होती ती भीती. आणि दोन दिवस मी माझी पाळी वहिनींवर ढकलली होती.