तर्क : चाकर की धनी ?

कीर्तन आटोपल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने आम्हांस विचारले, "बुवा, ईश्वर तर्काने सिद्ध होत नाही, तर मानायचा कशाला ?" प्रश्न जुना आहे. आम्ही गुरूंपाशी न्यायशास्त्र शिकलो. उदयनाचार्य अनुमानाने ईश्वर सिद्ध करतात. रामानुजाचार्य म्हणतात, तो अनुमानाने नव्हे, शास्त्रानेच कळतो. ख्रिस्ती पंडितांतही अलीकडच्या काळात हाच वाद झाला, आणि तो नुसत्या पोथीत राहिला नाही. ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

१७८१ साली कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने ग्रंथ लिहून दाखविले की, ईश्वरसिद्धीची जुनी अनुमाने लंगडी आहेत. मात्र ईश्वर नाही, हेही बुद्धीला सिद्ध करता येत नाही, असे सांगून त्याने श्रद्धेस जागा ठेवली. पुढे तिकडच्या पुष्कळ धर्मपंडितांनी येशूचा धर्म नव्या विद्येच्या मापाने बेतला. धर्म म्हणजे सुशिक्षितांची नीती, असं होऊन बसलं.

मग १९१४ चे महायुद्ध आले. ९३ जर्मन विद्वानांनी आपल्या सरकारच्या युद्धाची तरफदारी करणारे पत्रक काढले. कार्ल बार्थ हा स्विस धर्मोपदेशक पाहतो तो काय, सह्यांत आपलेच गुरू ! त्या विद्येवरचा त्याचा विश्वास उडाला. ईश्वर स्वतः बोलेल तेव्हाच कळतो, तत्त्वज्ञानाच्या शिडीने नव्हे, असे तो ठासून सांगू लागला. धर्मसंस्थेवर हिटलरशाहीचा ताबा नको म्हणून १९३४ साली बार्मेन येथे जाहीरनामा निघाला, तो मुख्यतः त्याच्याच हातचा. हिटलरच्या निष्ठेची बिनशर्त शपथ घेईना, म्हणून १९३५ साली त्याची बॉनची प्राध्यापकी गेली.

तर मग तत्त्वज्ञान टाकून द्यावे काय ? थांबा. बुल्टमान नावाच्या दुसऱ्या पंडिताने हायडेगरच्या तत्त्वज्ञानाच्या साह्याने बायबलाचा अर्थ लावला. हायडेगर १९३३ साली हिटलरच्या पक्षात गेला. बुल्टमान मात्र विरोध करणाऱ्या ख्रिस्ती मंडळींतच उभा राहिला. विचार घेतला, पण त्याला धनी केले नाही.

सज्जनहो, यातला बोध आम्हांसही लागू आहे. पाठांतराच्या जोरावर आम्ही सभेत पुष्कळांना निरुत्तर केले. त्यातले देवासाठी किती आणि मानासाठी किती, हे आमचे आम्हांस ठाऊक ! तर्क वाईट नाही. तो चाकरी कोणाची करतो, हे पाहावे लागते.

त्या मुलास आम्ही एवढेच म्हटले, "बाळा, प्रश्न सोडू नकोस. पण उद्या अन्याय समोर उभा राहील, तेव्हा तुझी बुद्धी त्याला सबबी शोधून देते की त्याला नाही म्हणते, तेवढं तपासून बघ. मग ये, आपण पुन्हा बोलू."